कृष्णाकाठच्या गावात पुराची जबाबदारी पहिल्यांदाच घेताय? मग आधी निरोपाची व्यवस्था लावा

कृष्णेचा पूर एका क्षणात डोक्यावर कोसळत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला पाऊस झोडपतो, कऱ्हाडला पाणी चढतं, मग बहे, ताकारी, भिलवडी असं करत ते सांगलीत आयर्विन पुलाखाली येतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तिथल्या लोकांना उठून पळायलाही वेळ मिळाला नाही. नदीकाठच्या आपल्या गावांना मात्र तास मिळतात. हे तास कुठं जातात, याचा विचार केला की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. निरोप उशिरा निघाला, अर्धवट पोचला, किंवा पोचला पण कुणाला पटला नाही.

म्हणून नवा सरपंच असो, पोलीस पाटील असो, तरुण मंडळाचा अध्यक्ष असो की पहिल्यांदाच आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीचं प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेवक, झालेली मुलगी असो, माझं सांगणं एकच. बोट, दोर, लाइफ जॅकेट लागणारच, पण त्याआधी गावाचा निरोप कोण देणार, कसा देणार आणि तो पोचला हे कसं कळणार, एवढं मे महिन्यातच ठरवून टाका.

वरची साखळी तोंडपाठ हवी

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तालुक्याला तहसीलदार, त्यांच्याखाली मंडल अधिकारी, आणि गावात तलाठी. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोक अजून तलाठीच म्हणतात. पोलिसांची साखळी वेगळी आहे, तिचं गावातलं टोक म्हणजे पोलीस पाटील. पाण्याचे आकडे पाटबंधारे विभागाकडून येतात. वीज महावितरणची.

या प्रत्येकाचा नंबर मोबाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोबाइल भिजला की सगळं गेलं. एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत, शाळेत आणि स्वतःच्या घरात लावा. त्यात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलीस आणि तातडीच्या मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर मोठ्या अक्षरात हवेत. मान्सूनपूर्व बैठकीला तहसील कार्यालयात जाल तेव्हा नियंत्रण कक्षात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा, नाव-गाव सांगा, चहा घ्या. रात्री अडीच वाजता ओळखीचा आवाज कानावर पडला की काम लवकर होतं.

आयर्विनचा आकडा आपल्या बोळात आणा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच बहुतेक गावांत राहून जातं.

आयर्विन पूल १९२९ चा. तिथं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण ४५ फूट म्हणजे आपल्या गावात काय? कुठल्या ओढ्यावरचा रस्ता बंद होतो? नदीवेशीत पाणी येतं का? स्मशानभूमी, दलित वस्ती, मळीतली घरं, पाणीपुरवठ्याची नदीकाठची विहीर (जॅकवेल) यातलं आधी काय बुडतं? हा तक्ता तुम्हाला कुठलंही कार्यालय करून देणार नाही. तो गावानंच करायचा.

करायचं असं. गावातली जुनी माणसं, होडीवाले, नदीकाठी मळी कसणारे शेतकरी यांना एका संध्याकाळी बसवा. २००५ चा पूर आयर्विनला ५४ फुटांच्या जवळपास होता, २०१९ चा ५७ च्या वर, २०२१ चा ५५ च्या आसपास. ‘आबा, २०१९ ला तुमच्या गोठ्यात पाणी कधी शिरलं? दिवस कुठला? सकाळ का रात्र?’ असं विचारत जा. त्या दिवशीची आयर्विनची पातळी जुन्या वर्तमानपत्रांत सापडते. दोन्ही जुळवा. एका कागदावर डावीकडं आयर्विनचे फूट आणि उजवीकडं आपल्या गावातली ठिकाणं लिहा. मग त्या ठिकाणी भिंतीवर, खांबावर ऑइलपेंटनं पट्टी मारा.

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या भागाचा तक्ता वेगळा निघेल आणि हरिपूरचा वेगळा. हरिपूरला वारणा नदी येऊन मिळते. चांदोली धरणातून विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, वाढला की वारणा चढते, आणि कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. ब्रह्मनाळकडं येरळा नदी आहे. म्हणून शेजारच्या गावाचा तक्ता उचलून आणू नका.

याच कामासाठी विसर्गाचे आकडे वाचायला शिका. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ‘कोयनेतून पाणी सोडलं’ एवढंच वाक्य मोबाइलवर फिरतं आणि गाव घाबरतं. पण पायथा विद्युतगृहातून २,१०० क्युसेक सोडणं आणि सहा वक्र दरवाजे उचलून हजारो क्युसेक सोडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साधा हिशेब लक्षात ठेवा. १ लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर साधारण ८.६४ टीएमसी पाणी खाली येतं. २,१०० क्युसेकनं दिवसभर सोडलं तर ते ०.२ टीएमसीलाही पोचत नाही. लोकांना घाबरायचं कधी आणि निवांत झोपायचं कधी, दोन्ही सांगता आलं तरच ते तुमचं ऐकतील.

माणसं ठरवा, आणि दुसऱ्या गटातलीही घ्या

देशभरात आपत्तीत कामाची रचना कशी असावी याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. त्यातलं एक सूत्र गावाला जसंच्या तसं लागू पडतं. एका माणसाच्या हाताखाली थेट तीन ते सात माणसं असावीत, पाच असली तर उत्तम. पंचवीस पोरं एकाच माणसाला विचारत असतील तर तो माणूस तासाभरात गोंधळतो. पाच जण निवडा. एक निरोप आणि नोंद सांभाळेल, एक माणसं हलवणं, एक मुक्काम आणि जेवण, एक जनावरं, एक औषधं आणि आजारी माणसं. त्यांच्याखाली वीस-पंचवीस घरांमागं एक गल्लीप्रमुख. प्रत्येकाला वरचा माणूस एकच असावा. सरपंच एक सांगतोय आणि तलाठी दुसरं, असं झालं की गल्लीतलं पोरगं काहीच करत नाही.

आता गावातलं खरं दुखणं. निवडणुकीत समोर असलेल्या गटातला निदान एक वजनदार माणूस या पाचांत घ्याच. अर्धं गाव सरपंचाचं ऐकतं आणि उरलेलं अर्धं सरपंच बोलला म्हणून ऐकत नाही. हे चुकीचं आहे, पण आहे. ‘आमच्या तात्यांनी पण सांगितलंय’ म्हटल्यावर जी घरं हलतात, त्या घरांतही म्हातारीकोतारी आणि लहान लेकरं असतात.

आशाताईंना पहिल्या बैठकीपासून बरोबर ठेवा. गरोदर बायका कोण, कुणाचा नववा महिना आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला डायलिसिसला सांगली-मिरजेला न्यावं लागतं, ही यादी त्यांच्या वहीत असते. बैठकीत त्यांना कोपऱ्यात सतरंजीवर बसवून पुरुषांनीच बोलायचं ही पद्धत पुरात जीवावर बेतते.

पाळ्या लावा. बारा तासांवर कुणीही सलग बसायचं नाही, मुख्य माणसानं तर नाहीच. तुमच्या जागी कोण, हे लाउडस्पीकरवर गावाला सांगूनच झोपायला जा.

सूचना कशी द्यायची

भोंग्यावरून ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की नदीची पाणीपातळी वाढत असून सर्वांनी सतर्क राहावे’ अशी सूचना आपण वर्षानुवर्षं ऐकतो. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यात कुठंच नसतं. त्याऐवजी अशी द्या:

‘ग्रामपंचायतीकडून सूचना. आज मंगळवार, सकाळचे साडेनऊ वाजलेत. आयर्विनला पाणी ४१ फूट आहे आणि वाढतंय. ही माहिती पाटबंधारे विभागाची आहे. नदीवेस आणि मळी भागातल्या घरांनी आज दुपारी दोनच्या आत निघायचं आहे. मुक्काम हायस्कूलमध्ये. जनावरं बाजार पटांगणात न्या, वैरण तिथं आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांनी गल्लीप्रमुखाला सांगा, ट्रॅक्टर दारात येईल. बंद घरांवर रात्री मंडळाची पोरं आणि पोलीस गस्त घालतील. पुढची सूचना बारा वाजता.’

वेळ, आकडा, माहिती कुणाची, कुणी निघायचं, कधीपर्यंत, कुठं जायचं, पुढं कधी बोलणार, सगळं एका मिनिटात बसतं. जनावरांची आणि गस्तीची वाक्यं मुद्दाम घातली आहेत. माणूस पुराला घाबरत नाही म्हणून घरात थांबत नाही. गोठ्यात दोन म्हशी आहेत, घरात धान्य आणि टीव्ही आहे, सासूला उचलून न्यायला कुणी नाही, म्हणून थांबतो. या तीन अडचणींचं उत्तर सूचनेत नसेल तर तुम्ही कितीही ओरडा, तो मान डोलावेल आणि घरातच बसेल.

आणि ‘२००५ ला इथपर्यंतच आलं होतं’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळणार. त्यावर वाद घालू नका. २०१९ ची रंगवलेली पट्टी दाखवा. २००५ पेक्षा २०१९ चं पाणी आयर्विनला तीन फुटांहून जास्त चढलं होतं, आणि जमिनीवर तीन फूट म्हणजे दाराच्या कडीपर्यंत.

दर तीन तासांनी ठरल्या वेळी बोला, नवीन काही नसलं तरी. ‘पाणी सकाळएवढंच आहे, मुक्कामाची जागा तीच, पुढची सूचना तीन वाजता’ एवढं पुरतं. ठरल्या वेळी भोंगा वाजला नाही की ती जागा मोबाइलवरच्या अफवा घेतात. गावात पोल्ट्रीवर, वीटभट्टीवर बाहेरच्या राज्यातले मजूर असतील तर सूचना हिंदीतही द्या. मिरजेच्या दक्षिणेला, म्हैसाळच्या पट्ट्यात कन्नड बोलणारी घरं आहेत, तिथं कन्नडमध्येही. बरीच गावं ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदलेली आहेत. टोल फ्री क्रमांकावर आपला आवाज रेकॉर्ड झाला की तो नोंदणी असलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी जातो. तुमचं गाव नोंदलेलं आहे का, किती घरांचे नंबर त्यात आहेत, नवीन सुनांचे आणि भाडेकरूंचे घातलेत का, हे जूनच्या आत बघा.

पोचला की नाही?

पाठवलेला निरोप हा पोचलेला निरोप नसतो. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, ही सवय सराव करून लावावी लागते:

‘दादा, तीन नंबर गल्ली. दोन आजारी माणसं, एक झोपून आहे. ट्रॅक्टर पाठवा.’

‘तीन नंबर गल्ली, दोन आजारी, एक झोपून. ट्रॅक्टर आत्ता निघतोय. बरोबर?’

‘बरोबर.’

एवढंच. पण यात गल्ली तीनची तेरा होत नाही. आकड्यांबाबत तर फारच जपा. पाऊस कोसळत असताना फोनवर सत्तावन्न आणि सदुसष्ट, एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत हमखास गोंधळ होतो. म्हणून ‘पाच, सात’ असे अंक सुटे सांगायचे आणि सुटेच परत म्हणायचे.

प्रत्येक निरोप वहीत. जाड पुठ्ठ्याची वही, बॉलपेन दोऱ्यानं बांधलेलं, वर प्लास्टिकची पिशवी. रकाने पाचच: वेळ, कुणाकडून, कुणाला, काय, पुढं काय झालं. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ म्हणजे अडकलेलं काम. पाळी बदलताना नव्या माणसाला फक्त त्या रिकाम्या ओळी वाचून दाखवा, बाकीचं तो वाचेल.

११२ किंवा १०८ ला फोन लावताना

तुम्ही ११२ लावता तेव्हा फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या तालुक्यात बसलेली नसते. राज्याची ही केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत, आणि १०८ ची पुण्यात. त्यांना तुमची वेस, तुमचा मारुती माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गावाचं पूर्ण नाव. डिग्रज म्हणू नका, कसबे डिग्रज की मौजे डिग्रज ते सांगा. कवठे म्हणू नका, कवठेएकंद आणि कवठेमहांकाळ ही दोन्ही याच जिल्ह्यात आहेत. मग काय झालं, किती माणसं, कुठला रस्ता अजून चालू आहे. शेवटचं फार कामाचं, कारण पुरात गाडी नेहमीच्या रस्त्यानं येऊ शकत नाही आणि तिच्या चालकाला ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? समोरच्यानं ठेवा म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

टॉवर बंद पडणार हे धरूनच चाला

पुरात पाणी वाढलं की महावितरण वीज बंद करते, आणि करावीच लागते. मग मोबाइल टॉवर बॅटरीवर आणि जनरेटरवर चालतात, डिझेल पोचलं नाही की तेही गप्प होतात. बोलणं होत नसेल तेव्हा साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, तो पाठवून बघा. प्रत्येक गल्लीप्रमुखाकडं भरलेली पॉवर बँक हवी, आणि त्या फोनवर व्हिडिओ बघायचे नाहीत. ग्रामपंचायतीचा भोंगा इन्व्हर्टरवर चालतो का, हे वीज असताना मेन स्विच पाडून तपासा. दोन हातातले मेगाफोन आणि जास्तीचे सेल घेऊन ठेवा. सगळंच बंद पडलं तर धावणारी पोरं, दोन-दोनच्या जोडीनं, चिठ्ठी घेऊन. तोंडी निरोप नको, लिहिलेलीच चिठ्ठी.

पोलिसांचा वायरलेस सेट जवळच्या ठाण्यात किंवा चौकीत असतो. तिथवर पाण्यातून न जाता कसं पोचायचं हे आधी ठरवा. बाजारात मिळणारे वॉकीटॉकी परस्पर आणून वापरू नका, बऱ्याच सेटना परवाना लागतो आणि ते चुकून दुसऱ्याच्या संभाषणात अडथळा आणू शकतात. गावात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुलं असतील तर त्यांना दूरसंचार विभागाची हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याची, परीक्षा द्यायला लावा. वरच्या दर्जाचा परवाना मिळाला की व्हीयू२ आणि खालच्या दर्जाचा मिळाला की व्हीयू३ पासून सुरू होणारी स्वतःची ओळख मिळते, आणि टॉवरवर अवलंबून न राहता संपर्क साधता येतो. याला वेळ लागतो, म्हणून यंदाच सुरुवात करा.

अफवा

कोयनेला भेग पडली, अमुक धरण फुटलं, तमुक वाजता सगळे दरवाजे उघडणार, हे दर पुरात फिरतं. कोयना परिसरात १९६७ चा भूकंप होऊन गेलाय, त्यामुळं धरणाचं नाव काढलं की पाटणपासून मिरजेपर्यंत लोकांच्या पोटात गोळा येतो. ही भीती थट्टेवारी नेऊ नका. ज्यानं मेसेज आणला त्याला ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, नियंत्रण कक्षाला फोन लावा, आणि उत्तर मिळालं की वेळ सांगून भोंग्यावरून जाहीर करा. खोटा इशारा पसरवून लोकांत घबराट निर्माण केली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो, हे गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर जूनमध्येच एकदा लिहून ठेवा. पूर चालू असताना गटात फक्त दोघांनाच लिहिता येईल अशी सेटिंग करा.

बोटीपाशी एकच आवाज

८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावानं आपली माणसं, लेकरं गमावली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या गावाचं दुःख मनात ठेवूनच पुढचं वाचा.

बोटीची वेळ येऊ न देणं हेच पहिलं काम. रस्ता कोरडा असताना, उजेडात, ट्रॅक्टरनं निघालेलं कुटुंब सगळ्यात सुरक्षित. तरीही बोट लागलीच, तर चढायच्या जागी गर्दी जमू देऊ नका. लोकांना पन्नास पावलं मागं शाळेच्या ओट्यावर किंवा देवळात बसवा आणि नाव पुकारून पाठवा. यादी आधी करा: आजारी, गरोदर, लहान मुलं आणि त्यांची आई, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. किती जण बसणार हे बोट चालवणारा ठरवेल, आमदार ठरवणार नाही आणि सरपंचही ठरवणार नाही. लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय कुणी पाय टाकायचा नाही, आणि बांधलेलं आहे का हे हातानं ओढून बघायचं. बोट निघताना मोठ्यानं सांगा: ‘ही पहिली फेरी. आठ माणसं. बोट परत येणार आहे. दुसऱ्या फेरीत जोशी गल्लीची ही सात नावं.’ आपलं नाव पुढच्या फेरीत आहे हे कानांनी ऐकलं की माणूस बोटीवर उडी मारत नाही. पलीकडच्या काठावर उतरलेली माणसं मोजून आकडा परत आला पाहिजे. आठ गेली, आठ उतरली, वहीत नोंद, मग दुसरी फेरी.

एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) ५ वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, पावसाळ्यात तिची पथकं आपल्या भागात येतात. ते आले की सूत्रं त्यांच्याकडं द्या आणि तुमचा एक माहितगार माणूस त्यांच्या बोटीत बसवा. पाण्याखाली विहीर कुठं, विजेची तार कुठं, बांध कुठं, हे त्यांना तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

पाणी उतरल्यावर

निरोपाचं काम इथं संपत नाही. वायरमननं सांगितल्याशिवाय मेन स्विच लावायचा नाही, घरात शिरताना काठीनं कोपरे चाचपायचे कारण साप आडोशाला आलेले असतात, पाणी उकळूनच प्यायचं, पंचनाम्याला कागद कुठले लागतात आणि तलाठी कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत येणार, या सूचना त्याच भोंग्यावरून, त्याच पद्धतीनं, वेळ सांगून द्या.

आणि पंधरवड्याच्या आत एक बैठक घ्या. वही पुढ्यात ठेवून, आशाताई, होडीवाले, बोट चालवणारे, मुक्कामी राहिलेल्या घरांतल्या दोन-तीन बायका अशा सगळ्यांना बसवून पहिल्या पानापासून वाचा. कुठला निरोप उशिरा गेला, कुठली गल्ली राहिली, या वेळी आयर्विनला किती असताना कुठल्या उंबऱ्याला पाणी लागलं, ते तक्त्यात भरा आणि भिंतीवर नवी पट्टी मारा. ही बैठक गणपतीच्या आत उरका. नंतर दसरा, दिवाळी, मग कारखान्याची ऊसतोड सुरू होते, आणि मे उजाडेपर्यंत कुणी कुणाला भेटत नाही.